मुलगी 'बाबा, तूच खेळ' म्हणून उठून जाते तेव्हा: 'कॅट क्वेस्ट २' दोघांनी कसा खेळावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलीबरोबर 'कॅट क्वेस्ट २' खेळतात. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलाय, खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलाय, दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर. बाबा मांजर, लेक कुत्रा. मुलगी सारखी पडते, बाबा धावत जाऊन तिला उठवतात, ती परत पडते, आणि पंधरा-वीस मिनिटांत 'बाबा, तूच खेळ' म्हणून कंट्रोलर सोफ्यावर टाकून निघून जाते. त्यांचं विचारणं असं की हा खेळ आठ वर्षांच्या मुलीला जड जातोय का, यापेक्षा सोपा काही सुचवाल का, आणि न्यू जर्सीतल्या मावसभावाबरोबर तिला हाच खेळ ऑनलाइन खेळता येईल का.

मी पुण्यात व्हिडिओ गेम टेस्टिंगचं काम करते. दिवसभर खेळ मोडायचा कसा हे बघायचं आणि घरी आल्यावर भाचरांबरोबर तोच उद्योग बिनपगारी करायचा, असं माझं चाललेलं असतं. त्यामुळे हे 'तूच खेळ' मी बऱ्याच सोफ्यांवर ऐकलंय. मुलगी पडते म्हणून उठून जाते असं तुम्हाला वाटतंय. मला ते तसं वाटत नाही. मुलं पडायला कंटाळत नाहीत. एकाच उडीवर वीस वेळा मरून एकविसाव्यांदा हसत उडी मारणारी मुलं मी पाहिलीत. तुमची लेक उठून जाते कारण तिला कळलंय की ती लिंबूटिंबू आहे.

लगोरीत किंवा पकडापकडीत आपण शेजारचं छोटं पोर असंच घ्यायचो. त्याच्यावर राज्य नाही, ते आउट होत नाही, पण ते जिंकतही नाही. चार वर्षांच्या पोराला त्यात मजा येते. आठ वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ नीट समजतो, आणि तो अपमानच असतो. आता तुमच्या घरात काय होतंय ते बघा. तुम्ही पुढे धावता, शत्रू मारता, ती पडली की उठवता, पेटी उघडता, पुढची गुहा ठरवता. ती नसती तरी यातलं सगळं असंच झालं असतं.

आणि इथे खेळाची घडणही तुमच्या विरोधात आहे. 'कॅट क्वेस्ट' ही सिंगापूरच्या 'द जेंटलब्रोज' या छोट्या स्टुडिओची मालिका. २०१७चा पहिला भाग पूर्णपणे एकट्याने खेळायचा होता. २०१९च्या दुसऱ्या भागात त्यांनी राज्य गमावलेले दोन राजे आणले, फेलिनगार्डचं मांजर आणि लुपस साम्राज्याचा कुत्रा, आणि दोघांनी मिळून खेळायची सोय केली. पण एकट्या माणसालाही हा खेळ पुरा करता आला पाहिजे, म्हणून दुसरा खेळाडू नसेल तेव्हा दुसऱ्या राजाला कॉम्प्युटर चालवतो. सोय छान आहे. तिचा दुसरा अर्थ असा की दुसऱ्या खेळाडूवाचून या खेळाचं कुठेच अडत नाही. दोघांनी एकदम दाबायचं बटण नाही, एकाने दार धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने आत जायचं, असलं कोडं नाही. दोघांची गरज खेळ निर्माण करत नाही, ती तुम्हाला करावी लागेल.

त्याआधी एक रूक्ष तांत्रिक शंका मिटवून टाका, कारण ती खरी निघाली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

या खेळातली मारामारी अशी चालते. शत्रू हल्ला करणार असला की जमिनीवर लाल वर्तुळ उमटतं. ते आतून भरत जातं. पूर्ण भरलं की तडाखा बसतो. त्याआधी वर्तुळातून बाहेर पडायचं, चालत किंवा कोलांटी मारून. तडाखा जमिनीवर पडला की परत आत शिरायचं, दोन-चार वार करायचे, पुढचं वर्तुळ दिसलं की पुन्हा बाहेर. एवढीच लय आहे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ती सहसा पहिल्या दिवशीच सापडते. म्हणून एखादं मूल वर्तुळ दिसतंय, बटणही दाबतंय, तरी दरवेळी मार खातंय असं दिसलं, की मी आधी टीव्हीकडे बघते.

आपल्याकडचे बरेचसे टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून त्याच्यावर बरीच प्रक्रिया करतात. मालिका बघताना त्याने काही बिघडत नाही. खेळताना मात्र बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत शंभर मिलिसेकंदांहूनही जास्त वेळ जाऊ शकतो. मोठा माणूस नकळत तेवढं आधी बटण दाबायला शिकतो, मुलाला ते जमत नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू करा. काही टीव्हींवर त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं तरी ही प्रक्रिया बंद होते. फरक डोळ्यांनी कळत नसेल तर मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा काढा. एका चौकटीत तिचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही येतील असं धरा, तिला कोलांटीचं बटण दाबायला सांगा, आणि मग चित्रफीत पुढे सरकवत अंगठा खाली गेल्यापासून कुत्रा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची असते. चोवीस-पंचवीस फ्रेम निघाल्या तर दोष लेकीचा नाही. दोन कंट्रोलरपैकी एक ब्लूटूथचा स्वस्तातला असेल आणि तो तिच्याकडे असेल (लहानांकडे नेहमी तोच येतो), तर तेही बदला. केबलवाला तिला द्या, ब्लूटूथवाला तुम्ही घ्या.

टीव्ही ठीक निघाला, तरी ती पडतेच आहे असं धरून पुढे जाऊ.

हा खेळ सुरुवातीला सोपं की कठीण असं विचारत नाही. कठीणपणाची किल्ली आहे ती लेव्हलमध्ये. प्रत्येक गुहेच्या तोंडाशी आणि प्रत्येक कामगिरीसमोर तिची लेव्हल लिहिलेली असते. तुमच्या दोघांची लेव्हल एकच, अनुभवाचे गुण सामाईक, सोन्याचं पाकीटही एकच. म्हणजे ती मागे पडलीय आणि तुम्ही पुढे गेलात असं आकड्यांत कधीच होत नाही. फरक असतो फक्त हाताच्या सवयीचा, आणि तो आकड्यांनी भरून काढता येतो. मुख्य कथा जरा बाजूला ठेवा आणि आजूबाजूच्या गावांतली छोटी कामं उरका. कुणाची तरी हरवलेली वस्तू शोधायची, कुणाच्या तरी शेतातले राक्षस हाकलायचे, असली. आपल्या लेव्हलपेक्षा खालच्या गुहा आधी घ्या. चार-पाच लेव्हल वर चढून मुख्य कथेकडे परत आलात की ज्या तडाख्याने ती आधी आडवी व्हायची, त्यातून आता उभी राहील. चुकायला जागा मिळते, म्हणजेच शिकायला जागा मिळते.

याची किंमतही सांगते. लेव्हल फार वाढली की मारामारी तुम्हाला मिळमिळीत वाटायला लागेल. मोठे बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारे तगडे शत्रू, चार तडाख्यांत लोळतील. मुख्य कथा तशीही आठ-दहा तासांचीच आहे, तेव्हा मिळमिळीतपणा फार दिवस सोसावा लागणार नाही. मला विचाराल तर सोसा.

रात्री ती झोपल्यावर तुम्ही एकट्याने खेळून लेव्हल वाढवून ठेवावी का? तसं करता येतं, सकाळी तिचा कुत्राही तेवढाच बळकट झालेला असेल. काही मुलांना ते आवडतं, 'बाबांनी रात्रपाळी केली' म्हणून. काहींना मात्र वाटतं की आपला खेळ कुणीतरी आपल्यामागे खेळला. तुमची कोणत्या जातीची आहे ते तिलाच विचारा. मात्र तिच्यामागे मुख्य कथा एक पाऊलही पुढे नेऊ नका. जी गोष्ट तिने पाहिली नाही ती तिची राहत नाही, आणि परत दाखवताही येत नाही.

आता शस्त्रांकडे येते, कारण यावर लोक सरधोपट सल्ला देतात आणि तो निम्म्या वेळा चुकतो. या भागात तलवारी आहेत आणि जादूच्या काठ्या आहेत. तलवार जवळून, काठी लांबून. सल्ला असा मिळतो की मुलाला काठी द्या, लांब राहील, वर्तुळात सापडणार नाही. घाबरणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो बरोबर आहे. लाल वर्तुळ दिसलं की ज्याचा श्वास अडकतो, अंगठा थिजतो, त्याला पहिले काही दिवस काठीच बरी. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची लेक घाबरत नाही, वैतागते. वैतागलेल्या मुलाच्या हातात काठी दिली की ते लांब उभं राहून एकच बटण दाबत बसतं, आणि पुढे बाबांची लढाई चाललेली बघतं. लिंबूटिंबूपण आणखी पक्कं.

तिला तलवार द्या, सापडेल ते सगळ्यात जाड चिलखत द्या, आणि काठी तुम्ही घ्या. आता पुढे कोण? ती. पहिला तडाखा कोण देणार? ती. तुम्ही मागून हातभार लावायचा. लोहाराकडे गेलात की सोनं आधी तिच्या तलवारीवर आणि चिलखतावर घाला. पाकीट एकच असल्यामुळे कुणावर खर्च झाला हे तिला लगेच दिसतं, आणि हा हिशेब मुलं फार बारकाईने ठेवतात.

मंत्रांचंही तसंच. देवळांत जाऊन सोन्याने मंत्र घेता येतात आणि वाढवता येतात. 'फ्लेमपर' हा आपल्याभोवती आगीचं रिंगण काढणारा मंत्र तलवारवाल्याच्या फार कामाचा, कारण तो शत्रूंच्या गर्दीतच उभा असतो. मंत्र वापरला की 'माना' (मंत्र वापरायची शक्ती) कमी होतो आणि जवळून वार केले की तो परत भरतो. दोन-चार वार, एक आग, पुन्हा वार. हे चक्र एकदा तिच्या बोटांत बसलं की ती शत्रूंच्या घोळक्याकडे स्वतःहून धावायला लागेल, आणि मग तुम्हाला 'अगं थांब' म्हणायची वेळ येईल. ती म्हणू नका. बरं होण्याचा 'हीलिंग पॉ' मात्र तिच्याकडे नक्की लावून ठेवा. स्वतःला स्वतः सावरता येणं आणि दरवेळी बाबांची वाट बघत पडून राहणं, यातला फरक तिच्यासाठी फार मोठा आहे.

उठवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. जोडीदार पडला की त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ उभं राहायचं, तो उठतो. सोपं आहे, म्हणून तुम्ही लगेच धावता. त्यात होतं असं की ज्या राक्षसाने तिला पाडलं तो अजून तिथेच असतो. ती उठते ती थेट पुढच्या वर्तुळात, आणि परत पडते. तुम्ही जे 'सारखी पडते' म्हणताय त्यातलं बरंचसं पडणं असं उठवण्यामुळे होत असणार. आधी राक्षसाला ओढून बाजूला न्या किंवा संपवा, मग परत या. तोवर तिला रिकामं ठेवू नका. तिला पूर्ण पडदा दिसत असतो आणि तुम्हाला फक्त तुमच्या पायाखालचं दिसत असतं. 'मागून कोण येतंय सांग' म्हणा. माझी भाची अशा वेळी इतकी ओरडते की शेजारच्या काकू एकदा विचारायला आल्या होत्या.

आणि मुद्दाम पडा. अगदी उघड नाटक नको, मुलांना ते लगेच कळतं. पण काठीवाल्याचं चिलखत पातळ ठेवलंत तर मुद्दाम करायची फारशी गरजही पडणार नाही. तुम्ही पडलात की तिला दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात, स्वतःला वाचवायचं आणि तुमच्यापर्यंत पोचायचं. आतापर्यंत ज्याच्यावाचून काही अडत नव्हतं तो दुसरा खेळाडू आता लागतो. दोघंही पडलात तरी काही बिघडत नाही, जिथे शेवटचे झोपला होतात तिथून पुन्हा सुरू.

लढाईइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठरवणं कुणाचं. नकाशावर कुठे जायचं, कोणती कामगिरी आधी, पेटीतून निघालेली टोपी कुणाला. हे सगळं तिच्याकडे सोपवा आणि मग ते चुकीचं असलं तरी पाळा. माझ्या भाचीने एकदा चांगलं भक्कम शिरस्त्राण काढून एक बावळट दिसणारी टोपी घातली. आकडे धडाधड खाली आले. मी म्हटलं, "अगं, याने जीव कमी होतोय तुझा." ती म्हणाली, "पण मावशी, यात त्याचे कान दिसतात." पुढचा बॉस आम्ही त्या टोपीतच मारला, हरत हरत. तिसऱ्या फेरीला तिने स्वतःच स्क्रीन उघडली, दोन्ही टोप्यांचे आकडे शेजारी ठेवून बघितले, आणि "बॉसपुरतं हे घालते, मग परत ती" असा तोडगा काढला. मी आधीच सांगून टाकलं असतं तर तिने ऐकलं असतं, पण आकडे बघायला शिकली नसती.

दोघंही एकाच चौकटीत असता, पडदा दुभंगत नाही, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही सवयीने पुढे धावलात की कॅमेरा, वेग आणि दिशा तुमच्या होतात आणि तिला फरपटत यावं लागतं. रस्त्याने जाताना कायम तिच्या मागे राहा. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड बदल हाच आहे. मोठ्या माणसाचा अंगठा आपोआप पुढे जातो. तिला वाटेत प्रत्येक झुडपाभोवती तीन चकरा मारायच्या असतील तर मारू द्या.

संवाद इंग्रजीत असतात आणि ते कुणी वाचून दाखवत नाही, अक्षरं पडद्यावर येतात. म्याव, पॉ, पर असले विनोद ओळीओळीत आहेत. आठव्या वर्षी ती स्वतः वाचत असेल तर उत्तम, हळू वाचत असेल तर तुम्ही मराठीत सांगत चला, आवाज काढून. एक नियम मात्र करा, संवाद पुढे ढकलण्याचं बटण तिच्या कंट्रोलरवरच दाबलं जाईल. मोठी माणसं वाचून झालं की लगेच पुढे जातात आणि मुलाचं वाक्य अर्धं राहतं. गोष्ट कळली नाही की पुढे कशासाठी लढतोय हेही कळत नाही, आणि मग खेळ म्हणजे नुसती बटणं.

वेळेबाबत. एक गुहा आणि एक छोटी कामगिरी, एवढं अर्ध्या तासात आरामात होतं. थांबायचं तेव्हा विश्रांतीच्या ठिकाणी जाऊन दोघांना झोपवा. खेळ तिथेच सेव्ह होतो, जीव आणि माना भरतो, आणि मांजर-कुत्रा शेजारी शेजारी झोपलेले दिसले की बंद करण्यावरून भांडण कमी होतं. ती मधेच उठून गेलीच, तर ओरडू नका आणि मागेही लागू नका. तिचा कुत्रा कॉम्प्युटर चालवेल. तुम्ही एखाद्या सोप्या गुहेत टिवल्याबावल्या करत राहा. मुलं स्वयंपाकघरात चक्कर मारून परत येतात, आणि ती परत येईल तेव्हा काही निसटलेलं नसेल एवढं बघा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, याहून सोपं काही. हे सगळं पंधरा दिवस करून बघा, आणि तरीही तिला नकोच असेल तर मग प्रश्न कठीणपणाचा नाही, मारामारीचा आहे. काही मुलांना शत्रू मारण्यातच रस नसतो, आणि तो नसला तर नसला. अशा वेळी मी 'अनटायटल्ड गूस गेम' सुचवते. 'कॅट क्वेस्ट'च्या प्रकारचा खेळ नाही तो, पण प्राणीच आहे. एका शांत इंग्रजी गावात तुम्ही द्वाड हंस असता, माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, पोराला डबक्यात पाडायचं. २०२०च्या सप्टेंबरपासून तो दोन हंसांनी खेळता येतो. पडणं नाही, मरणं नाही, आणि एकाने लक्ष वेधायचं, दुसऱ्याने वस्तू पळवायची असं संगनमत करता येतं. उलट 'ओव्हरकुक्ड'सारखे घड्याळ लावून स्वयंपाक करायचे खेळ सध्या टाळा. ते गोड दिसतात, त्यात प्राणी आचारीही आहेत, पण वेळेच्या दडपणाखाली कोण चुकलं हे त्यात लगेच उघडं पडतं, आणि तुमच्या घरात नेमकं तेच आत्ता नकोय.

याच मालिकेतला आणखी एखादा भाग हवा असेल तर २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेला 'कॅट क्वेस्ट ३' दोघांना खेळता येतो. त्यात समुद्र आहे, जहाज आहे, चाचे उंदीर आहेत, आणि तलवारीबरोबर बंदूकही आहे, त्यामुळे लांबून की जवळून हा वाद जागच्या जागी मिटतो. सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून पहिला भाग मात्र घेऊ नका, तो एकट्याचा आहे.

राहिला न्यू जर्सीचा मावसभाऊ. 'कॅट क्वेस्ट २'मध्ये स्वतःची ऑनलाइन सोय नाही, एकाच पडद्यासमोर बसून खेळायचा खेळ आहे. पण तुम्ही तो स्टीमवर घेतलाय, त्यामुळे 'रिमोट प्ले टुगेदर' वापरता येईल. खेळ तुमच्या लॅपटॉपवरच चालतो, त्याचं चित्र तिकडे जातं आणि तिकडची बटणं इकडे येतात. खेळ फक्त तुमच्याकडे असला तरी पुरतो. पाठवलेल्या लिंकवरून स्टीम लिंक ॲपमधूनही सामील होता येतं. स्टीमचं स्वतःचं खातं काढायला वय १३ लागतं, तेव्हा मुलांच्या नावाने खोट्या जन्मतारखा टाकत बसू नका, आईबाबांच्या देखरेखीखाली लिंकनेच खेळू द्या.

अडचण अंतराची आहे. नाशिक ते न्यू जर्सी इंटरनेटने जाऊन यायलाच २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, त्यावर चित्र दाबून पाठवण्याचा आणि तिकडे उलगडण्याचा वेळ. म्हणजे जो दूर बसलाय त्याला लाल वर्तुळ उशिरा दिसणार आणि त्याची कोलांटी त्याहून उशिरा पोचणार. लॅपटॉपला वायफायऐवजी राउटरची केबल लावा, त्याने चित्र तुटायचं थांबेल. पण अंतर काही कमी होणार नाही.

म्हणून इथे काठी त्या मावसभावाला. तो लांबून मारेल, वर्तुळांच्या बाहेर राहील, आणि उशीर फारसा जाणवणार नाही. तलवार तुमच्या लेकीकडे, कारण खेळ तिच्याच घरातल्या मशीनवर चालतोय आणि तिला काहीच उशीर नाही. तो वयाने मोठा असेल, हाताने तरबेज असेल, तरी या मांडणीत पुढे धावणं तिलाच जमेल आणि पडला तर त्याला उठवायला तिलाच जावं लागेल. खेळ तुमच्याऐवजी त्याच्या मशीनवर चालवलात तर सगळं उलटं होईल, तेव्हा त्याच्याकडे मशीन चांगलं आहे म्हणून तो मोह धरू नका. वेळ रविवारी संध्याकाळी सातची ठेवा. तिकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि थंडीत साडेआठ, म्हणजे नाश्ता व्हायच्या आत पोरगा मोकळा असतो. आधी एकदा तुम्ही आणि त्याचे बाबा मिळून लिंक, आवाज आणि कंट्रोलर तपासून घ्या. मुलं समोर बसलेली असताना सेटिंगं शोधत बसलात तर तो रविवार गेला म्हणून समजा.